डावा खांदा

"हात वर," आई म्हणाली. प्लंबरने हात वर केले.

आईने त्याच्या पोटाभोवती टेप फिरवली, चष्म्याखालून आकडा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मागच्या कोटापासून दोन इंच."

"सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला हवा साठवावी लागते, आई."

"हवा असती तर टाचणी टोचून काढली असती. चल, पुढचा."

सगळे हसले. वहिनीही हसली, पण तिचं लक्ष दादाकडे होतं. तिचा नवरा अर्ध्या ओढलेल्या शटरपाशी पाठमोरा उभा होता आणि रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर फार महत्त्वाचं काही चाललं असावं तसा बाहेर बघत होता. सकाळपासून तीनदा त्याने सांगितलं होतं की त्याचं माप घ्यायची गरज नाही, जुन्या मापावरच शिवून टाक.

शिलाईचं दुकान रविवारी बंद असायचं, म्हणून वीस वर्षं बँडचा सराव रविवारीच. कापडाचे तागे फळीवर चढवायचे, दोन्ही मशिनं भिंतीला सरकवायची, की पाच माणसं आणि एक डबल बेस जेमतेम मावत. वहिनी तो बेस वाजवायची. आठवडाभर शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी आपल्याहून उंच त्या वाद्याला कवेत घेऊन सगळ्यांच्या मागे उभी राहायची. मागे उभं राहिलं की पुढच्याची पाठ दिसते. दादाची पाठ तिने नऊ महिने दर रविवारी वाचली होती आणि त्याला दिलेल्या शब्दापायी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"तुझा काय विचार आहे?" धाकट्याने ड्रमचा स्क्रू पिळता पिळता हळूच ताईला विचारलं. हळूच म्हणजे त्याच्या मानाने. टायरच्या दुकानात दिवसभर ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे त्याची कुजबुज पलीकडच्या गल्लीत जायची.

"कशाचा?"

"तो आपल्याला गुंडाळणार आहे, ताई. मी सांगतो तुला. शनिवारी वीस वर्षं पूर्ण, टाळ्या, हार, आणि सोमवारी बँड बंद. मागच्या चार कार्यक्रमांत त्याने एक तरी सोलो घेतला का? सगळं प्लंबरच्या गळ्यात. मन उडालंय त्याचं."

ताईने पर्स जवळ ओढली. वहिनीने बेसची तार नको तितकी ताणली. तार कण्हली.

*

ताईच्या पर्समध्ये एक पत्र होतं. अकरा दिवस झाले होते आणि ते अजून तिथेच होतं.

दिवसा ती बसडेपोत गाड्यांच्या घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे. तिच्या आवाजात उशिराची बातमीसुद्धा लोक निमूट ऐकून घेत. हा आवाज एका रेकॉर्ड कंपनीच्या बाईंना हवा होता. वर्षभराचा करार, तेवीस शहरं, नवे वादक. पत्रात बँडचा उल्लेख एका ओळीत होता: 'आपल्या सध्याच्या साथीदारांची आवश्यकता भासणार नाही.'

साथीदार! ताईने तो शब्द दहादा वाचला होता. एक सख्खा थोरला भाऊ, एक सख्खा धाकटा, एक भावजय आणि एक प्लंबर.

हा बँड सुरू झाला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. जगात सगळी गाणी यंत्रावर बनत होती आणि हे लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं स्विंग, म्हणजे नाचाचं जॅझ, वाजवायला निघाले होते, जे कधीकाळी बाबा मोठ्या हॉटेलात ट्रम्पेटवर वाजवायचे. लोक म्हणाले, खूळ आहे, उतरेल. पहिल्या कार्यक्रमाला दोन रंगांचे बूट नाटकाच्या सामानवाल्याकडून भाड्याने आणले होते. धाकट्याला डाव्या पायाचे दोन मिळाले आणि तो तसाच वाजवायला बसला. त्या रात्री घरी येताना ताईने गाणं रचलं:

बूट भाड्याचे, पाय माझे,
परत देईन उद्या सकाळी.

'भाड्याचे बूट'ने त्यांना उचललं. दोन वर्षांनी ते गाणं रेडिओवर होतं, चार वर्षांनी न्हाव्याच्या दुकानातही. एकाएकी सगळ्यांनाच स्विंग हवं झालं. तरुण पोरी नाचाच्या शाळेत जायला लागल्या, पोरं आजोबांच्या टोप्या काढून झटकायला लागली. पाचाचे अकरा वादक झाले, स्वतःची बस झाली, वर्षाला दोनशे कार्यक्रम झाले. दादा बसमध्ये मांडीवर पाटी ठेवून सगळ्यांचं संगीत लिहायचा, खड्डा आला की एक स्वर वर जायचा, आणि तो तसाच ठेवायचा.

मग जशी आली तशी ती लाट ओसरली. अकराचे आठ झाले, आठाचे पाच. बस गेली. आता लग्नं असत आणि कंपन्यांचे समारंभ, जिथे कुणी नाचत नसे आणि माणसं एका कानावर हात ठेवून फोनवर बोलत. तरी एक गोष्ट बदलली नव्हती. 'भाड्याचे बूट'च्या मध्यावर ताई माइकपासून बाजूला व्हायची आणि दादा पुढे येऊन सोळा बार एकट्याने ट्रम्पेट वाजवायचा. बार म्हणजे चार ठोक्यांचा एक घास. असे सोळा घास तो दर वेळी वेगळ्या चवीने खायचा. ते संपले की ट्रम्पेट खाली घेत तो डाव्या हाताने ताईला खूण करायचा: ये.

गेल्या हिवाळ्यापासून ते सोळा बार प्लंबर वाजवत होता. बरा वाजवायचा बिचारा. पण दादाने तिला कारणही सांगितलं नव्हतं, आणि तिच्याकडे बघणंही टाळायला लागला होता. ताईला वाटलं होतं, त्याला तिचा कंटाळा आलाय. मग पत्र आलं, आणि तिला वाटलं, असंच असेल तर बरंच आहे.

"चला, 'बूट' घेऊ," ती मोठ्याने म्हणाली. "आणि सोलो दादा घेणार."

दादा वळला. "सोलो नकोच. शनिवारी वेळ कमी आहे. कापू या."

"कापू या?"

"तू दुसऱ्या कडव्यावरून थेट तिसऱ्यावर जा. कुणाला कळत पण नाही."

"मला कळतं!" ताईचा आवाज चढला. "हॉलची लाकडाची नवी जमीन बघायला लोक येणार नाहीयेत, दादा. ज्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं तिथे वीस वर्षांनी वाजवतोय आपण. नाचणारे लोक येणार आहेत, तिकीट काढून. आणि तू म्हणतोस कापू या?"

"बरोबर बोलतेय ती," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"का गप्प बसू? वीस वर्षं गप्पच बसलोय मागे. तुला बंद करायचंय ना? मग सांग तोंडावर! आम्ही काय भाड्याचे आहोत का परत करायला?"

"मी वाजवतो की सोलो," प्लंबर घाईने म्हणाला. "मला काय, मी कुठेही भोक दिसलं की..."

"तू थांब," तिघंही भावंडं एकदम म्हणाली.

वहिनीने बेस भिंतीला टेकवला. "जरा ऐका..."

"वहिनी, तू त्याची बाजू घेणार हे माहितीये," ताई म्हणाली. "नेहमीच घेतेस. नवरा आहे तुझा."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. ती तोंड उघडणार तेवढ्यात आईने टेबलावर कात्री आपटली.

"आधी माप," आई म्हणाली. "भांडण नंतर. भांडणाला मापाची गरज नसते. तू इकडे ये."

हे दादाला उद्देशून होतं. आईच्या आवाजातला तो सूर ओळखून तो चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पडद्यामागच्या आरशासमोर जाऊन उभा राहिला.

*

आईने आधी छाती मापली, मग कंबर, मग बाही. पडद्यापलीकडे धाकटा रागारागाने ड्रम बडवत होता.

"कॉलर जरा सैल ठेव," दादा म्हणाला.

"का?"

"आवळते."

आई त्याच्या मागे गेली आणि मानेच्या मणक्यापासून दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. तिचे हात तिथेच थांबले. तिने टेप लावली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पुन्हा लावली.

ट्रम्पेटचं सगळं वजन डाव्या हातात असतं. उजव्या हाताला फक्त बोटं चालवायची असतात. वर्षानुवर्षं रोज ते डाव्या हातावर उचलणाऱ्याचा डावा खांदा बोटभर वर चढतो. हे आईला तिच्या नवऱ्याने शिकवलं नव्हतं, त्याच्या कोटाने शिकवलं होतं. हॉटेलच्या बँडचे कोट शिवायला ती तेव्हा नव्याने लागली होती, आणि एका वादकाचा कोट काही केल्या सरळ बसेना. शेवटी तिने त्याच्या उजव्या खांद्यात कापसाची जादा पट्टी घातली. तो वादक धन्यवाद द्यायला आला आणि येतच राहिला. पुढे तीच पट्टी ती थोरल्याच्या प्रत्येक कोटात घालत आली होती.

आज दोन्ही खांदे सारखे होते.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?"

"वाजवणं सोडून."

आरशात दादाने डोळे मिटले. "वाजवतो की. तू बघतेस ना, प्रत्येक कार्यक्रमाला."

"धरतोस. वाजवत नाहीस." तिने हात खांद्यांवरून काढले नाहीत. "मला ऐकून कळत नाही रे, मी काही त्यातली नाही. पण हे कळतं."

त्याने ओठाच्या कोपऱ्याला बोट लावलं. मग म्हणाला, "ओठ धरत नाही, आई. इथे, डाव्या कोपऱ्यात. चहा पिताना काही नाही, बोलताना काही नाही. ट्रम्पेट लावलं की सुटतो. नऊ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, ओठ चांगला आहे, त्याला डोक्यातून निरोपच चुकीचा जातो. परत येईल का विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस."

"सांगून कोण काय करणार होतं? बँड माझ्या नावाने आहे. मी दिवसभर वाद्यांच्या दुकानात दुसऱ्यांची ट्रम्पेटं दुरुस्त करतो. लोक आणून देतात, म्हणतात वाजवून बघा. मी म्हणतो, ठेवून जा, उद्या बघतो."

आई पडद्यामागच्या स्टुलावर बसली. सत्तरी ओलांडली होती, पण माप अर्धवट टाकून ती बसलेली दादाने कधी पाहिली नव्हती.

"तुझ्या बाबांना हॉटेलातून काढलं तेव्हा त्यांनी काय केलं, माहितीये?"

"टेलिफोन ऑफिसात लागले."

"ते चार महिन्यांनी. त्याआधी चार महिने रोज संध्याकाळी कोट घालून, ट्रम्पेटची पेटी घेऊन, वेळेवर बाहेर पडायचे. परत यायचे वेळेवर. नदीकाठच्या बागेत बसायचे बाकावर. मला कुणी सांगितलं नाही. कोट बघून कळलं. वाजवून आलेला कोट काखेत, पाठीत ओला असतो. हा कोरडा. आठवड्यातून दोनदा मी तो न मळलेला कोट धुवायचे, इस्त्री करायचे आणि खुंटीला लावायचे. त्यांनी विचारू नये म्हणून."

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणालाच नाही. त्यांनाही नाही. मला वाटायचं, मी त्यांचा मान राखतेय." आईने टेप बोटाभोवती गुंडाळली. "ते गेले तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं, की मला माहीत होतं. चार महिने एक माणूस थंडीत एकटा बसला रे. मी म्हटलं असतं, चला, मीही येते बाकावर, तर काय बिघडलं असतं?"

पडदा हलला. वहिनी उभी होती. तिने ऐकलं होतं. ती पडद्यालगतच होती; ड्रमच्या आवाजात बाकीच्यांना काही कळलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," आई म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"त्याने शब्द घेतला होता, आई."

"माझ्याकडून तर कुणी घेतलाही नव्हता." आईने तिचा हात धरून तिला आत ओढलं. "तू माझ्यासारखी होऊ नकोस. हा कोट धुवायचं बंद कर."

वहिनी रडली, आवाज न करता, नवऱ्याच्या न शिवलेल्या कोटाचे तुकडे हातात घेऊन. दादाने तिच्याकडे बघितलं आणि त्याला पहिल्यांदाच उमगलं की नऊ महिने हे ओझं तो एकटा वाहत नव्हता.

*

तो बाहेर आला, पेटी उघडली, ट्रम्पेट काढलं.

"'बूट'चा सोलो," तो म्हणाला. "पहिल्यापासून ठेका दे."

धाकट्याने ताईकडे विजयी नजर टाकली आणि ड्रमवर तारांचे ब्रश फिरवले. वहिनी बेसपाशी आली. डोळे लाल होते, पण तिची बोटं चालायला लागली. त्या बोटांना चालायची सवयच होती. दादाने ट्रम्पेट ओठांना लावलं.

पहिला स्वर आला. दुसरा आला. तिसऱ्याला ओठाचा कोपरा सुटला आणि भांड्याचं झाकण घरंगळावं तसा आवाज झाला. तो थांबला नाही. पाचव्या बारमध्ये नुसती हवा होती. आठव्यात एक स्वर चुकून इतका सुरेख लागला की प्लंबरने मान वर केली, आणि पुढच्याच क्षणी तो फाटला. दादाने सोळाच्या सोळा बार वाजवले. कपाळावर घाम आला होता. शेवटी त्याने ट्रम्पेट खाली घेतलं आणि सवयीने डावा हात ताईकडे केला.

ताई गाऊ शकली नाही.

"बँड बंद करायचा नव्हता मला," तो म्हणाला. "हे झाकायचं होतं." आणि मग त्याने सगळं सांगितलं, डॉक्टर, निरोप, चहा, सगळं. सांगायला तीन मिनिटं लागली. नऊ महिने लपवलेली गोष्ट तीन मिनिटांत संपते याचंच त्याला नवल वाटलं.

धाकटा ड्रमवर वाकून बसला होता. "मी काय काय बोललो रे तुला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची कुजबुज खरंच कुजबुज होती.

"आणि तू?" ताई वहिनीकडे वळली. "मी बहीण आहे त्याची. मी नऊ महिने त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. एक शब्द बोलली असतीस!"

"हो," वहिनी म्हणाली. "बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

ताईला भांडायचं होतं. अशा उत्तराशी कसं भांडायचं तिला कळेना. ती जाऊन खिडकीच्या कठड्यावर बसली. मग तिथूनच म्हणाली, "माझ्याकडे पण एक आहे."

"काय?"

तिने पत्र काढून दादाच्या हातात दिलं. त्याने वाचलं. 'साथीदारांची' या शब्दाशी त्याची नजर अडकलेली तिला दिसली.

"कधी आलं?"

"अकरा दिवस झाले."

"म्हणजे लपवण्यात आपण सगळी एकाच आईची," धाकटा म्हणाला.

आधी प्लंबर हसला, मग आई, मग इच्छा नसताना ताई. दादाने पत्राची घडी घातली आणि तिला परत दिलं.

"सही कर," तो म्हणाला.

"दादा, अरे..."

"रागाने नाही म्हणत. तुझा आवाज आत्ता आहे. आत्ता म्हणजे किती, ते कुणालाच सांगता येत नाही. मला येत होतं का? जा. तेवीस शहरं गा. मी तुझी तिकिटं काढून येईन आणि मागच्या रांगेत बसून तुझ्या नव्या ट्रम्पेटवाल्याच्या चुका मोजीन."

ताईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिलाही माहीत नव्हतं. "आधी शनिवार," ती म्हणाली. "सोळा बारांचं काय करायचं?"

"मी..." प्लंबर म्हणाला.

"तू नको. तू छान वाजवतोस, पण तू नको. दुसरा ट्रम्पेटवाला पण नको." ती उठली. "रिकामे ठेवू. वहिनी आणि धाकटा, बेस आणि ड्रम, बास. वर कुणीच नाही."

"रिकामे?" दादा म्हणाला. "लोकांना वाटेल आपण विसरलो."

"वाटू दे."

*

शनिवारी दुपारी चार वाजता हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन थेट नव्या लाकडी जमिनीवर पडलं होतं. दोनशेच्या वर लोक आले होते. बँडच्या भरभराटीच्या दिवसांत नाच शिकलेल्या पोरी आता चाळिशीत होत्या. त्यांच्या मुली त्यांना गुपचूप नवे पवित्रे दाखवत होत्या. आई पहिल्या रांगेत बसली होती आणि नाचणाऱ्यांच्या कपड्यांच्या शिवणी तपासत होती.

दादा रिकाम्या हातांनी रंगमंचावर उभा होता. सुरुवातीलाच त्याने माइकवर सांगितलं होतं, "माझा ओठ आजारी आहे, म्हणून आज मी फक्त नाचवणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इतकं सोपं होतं ते.

'भाड्याचे बूट' शेवटी होतं. ताईने दोन कडवी म्हटली आणि सवयीने बाजूला झाली. दादा पुढे आला, कारण वीस वर्षं तो तिथे पुढे यायचा. आणि तिथे काहीच नव्हतं. वहिनीचा बेस चालत होता, एक एक पायरी उतरावा तसा. धाकट्याचे ब्रश कातड्यावर सुळसुळत होते. एक बार गेला, दोन गेले.

मग दादाला आवाज ऐकू आला.

आधी त्याला कळलंच नाही कशाचा. सरकल्याचा, घासल्याचा, दोनशे टाचा एकदम टेकल्याचा. पाय होते ते. लाकडावरचे पाय. कुणी ठोक्यावर, कुणी ठोक्याच्या किंचित मागे, कुणी चुकून हसून पुन्हा पकडत. या जागी तो नेहमी वाजवत असे, कानात फक्त आपला स्वर, डोळे मिटलेले. वीस वर्षं हे लोक खाली हे करत होते आणि त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. हे ऐकायला बाबा किती आवडीने आले असते, असं त्याच्या मनात आलं. त्याने डोळे उघडे ठेवले.

सोळा बार संपले. खूण करायची होती. तो विसरला.

ताईने एक क्षण त्याच्या हाताकडे पाहिलं. हात खाली होता. त्याचा चेहरा तिने पाहिला आणि ती समजली. ती आपली आपण माइकपाशी आली, श्वास घेतला आणि तिसरं कडवं उचललं, नेमक्या ठोक्यावर, कुणाची वाट न बघता. दादाने दचकून तिच्याकडे बघितलं. ती गाताना हसत होती. तिने भुवईने त्याला खाली, लोकांकडे दाखवलं: जा.

तो रंगमंचाच्या तीन पायऱ्या उतरला आणि आईसमोर येऊन उभा राहिला.

"चल."

"कुठे?"

"नाचायला."

"मला येत नाही," आई म्हणाली. "मी आयुष्यभर कोट शिवले."

"मलाही येत नाही," दादा म्हणाला. "मी आयुष्यभर वर उभा होतो."

आईने पर्स शेजारणीच्या मांडीवर ठेवली. दादाने तिचा एक हात धरला, आपला दुसरा कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून तिच्या खांद्यावर ठेवला. पहिल्याच पावलाला त्याने तिच्या पायावर पाय दिला. दुसऱ्याला तिने त्याच्या. आजूबाजूच्या जोड्यांनी सरकून त्यांना जागा करून दिली.

"अरे, मोजतोस काय तोंडाने?" आई म्हणाली.

"सवय आहे."

"मोजू नकोस. माझ्याकडे बघ."

वर धाकट्याने आईला गिरकी घ्यायचा प्रयत्न करताना पाहिलं आणि त्याला असं हसू फुटलं की त्याचा एक ब्रश हातातून उडाला आणि ठेका साफ चुकला. वहिनीने बेसवर तो सावरून धरला. ताई गातच राहिली, आणि धाकट्याला त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.